सवतीला पलीकडे नेताना

माझ्या धाकट्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. जुळी दिवस भरायच्या आधीच आली, म्हणून जावई घरी अडकला, आणि जावई घरी अडकला म्हणून चॅनेल, म्हणजे दोन किनाऱ्यांमधला समुद्र, मला एकट्याला ओलांडावं लागलं. नाहीतर मी एकट्याने होडी नेणारा माणूस नव्हे. नोकरीची सगळी वर्षं मी फेरीबोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून काढली. सुकाणू दादाच्या हातात असायचं. तो कप्तान, मी खलाशी. तो थोरला, मी धाकटा. घरात जे होतं तेच बोटीवर.

निवृत्त झाल्यावर दादा चॅनेलपलीकडे मुलाच्या गावी राहायला गेला. त्याची शिडाची होडी मात्र अलीकडेच राहिली, कारण पलीकडच्या बंदरात जागा मिळणं म्हणजे सरकारी नोकरी मिळण्यासारखं होतं. होडी लहानशी, एका केबिनची, पोटात जुनं डिझेल इंजिन. तिची देखभाल माझ्याकडे आली. वहिनी त्या होडीला पहिल्या दिवसापासून सवत म्हणायची. सुट्टीच्या दिवशी कुणी दारात येऊन दादाला विचारलं, की सांगायची, "गेलेत तिच्याकडे. भूक लागली की येतील इकडे."

ही वहिनी म्हणजे माझी शिक्षिकाही. अक्षरं मला तिने चाळिशीत शिकवली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. तेव्हापासून तिने काही सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

त्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलाने त्याला बंदरावरच्या टेकडीवर एका शुश्रूषागृहात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लोखंडी पलंग, भिंतीला बेसिन आणि एक मोठी खिडकी. खिडकीतून खाली बंदर दिसायचं आणि त्यापुढे समुद्र. वहिनी सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसायची. तिने त्याचा जुना हातातला रेडिओ उशाशी ठेवला होता. जहाजं आपापसात आणि किनाऱ्याशी बोलतात ते ऐकत तो पडून राहायचा. तेवढंच त्याचं जग उरलं होतं.

वहिनीचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखी चेष्टेने सुरू झाली नाही. म्हणाली, खिडकीतून शीड दिसलं की हे मान उचलतात, आणि आपलं नाही असं कळलं की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणालेत हृदय थकलंय, फार पुढचं बोलू नका. पुतण्याने खटपट करून बंदरात थोड्या दिवसांपुरती जागा मिळवली होती.

"भावजी, सवतीला घेऊन या," वहिनी म्हणाली. "डोळे उघडे आहेत तोवर बघू दे त्यांना. मी काही बोलणार नाही तिला."

मी आणि जावयाने दिवस ठरवला. मग जुळी आली. जावई इस्पितळाच्या जिन्यात मला म्हणाला, पुढच्या आठवड्यात जाऊ. पण पुढच्या आठवड्यात वारा फिरणार होता आणि दादाचा भरवसा नव्हता. नाती डोळे भरून बघितल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच दोर सोडले.

आमचं चॅनेल म्हणजे जगातल्या मोठ्या जहाजांचा हमरस्ता. रस्त्याला असतात तशा तिथे दोन बाजू आहेत. अलीकडच्या बाजूने जाणारी जहाजं, पलीकडच्या बाजूने येणारी. मध्ये एक रिकामा पट्टा असतो, दुभाजकासारखा. त्यात कुणी शिरायचं नाही. छोट्या होडीने रस्ता ओलांडायचा तो सरळ काटकोनात, तिरकं जायचं नाही आणि मध्ये रेंगाळायचं तर मुळीच नाही. मोठं जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. थांबायचं म्हटलं तरी त्याला दोन-तीन मैल लागतात.

पहिली बाजू मी चांगली ओलांडली. ऊन होतं, वारा बेताचा होता. इंजिन चालू ठेवून शीडही लावलं होतं. तेलाच्या एका जहाजामागून गेलो, तेव्हा त्याची लाट येऊन केबिनमधला चहाचा डबा खाली पडला, इतकंच. मनात म्हटलं, एवढंच असतं होय कप्तान होणं. माणसाने असं मनातसुद्धा म्हणू नये.

दुभाजकात शिरलो आणि धुकं आलं. आधी पलीकडचा किनारा गेला, मग डोलकाठीचं टोक गेलं. वारा पडला, शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. मी इंजिनवर पुढे चाललो होतो, तेवढ्यात समोर कुठेतरी मोठा भोंगा वाजला. जवळ होता की लांब, ते इंजिनच्या आवाजात कळेना.

इथे मी चूक केली. फेरीबोटीवर आमचा रिवाज होता: धुक्यात भोंगा ऐकू आला की इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. खाली इंजिनवाला बसलेला असायचा, ऐकून झालं की तो पुन्हा सुरू करायचा. माझ्या हाडामासात तो रिवाज मुरलेला. हात आपोआप गेला आणि मी इंजिन बंद केलं.

दादाने मला ढीगवेळा बजावलं होतं. हिला तापलेली असताना बंद केलीस की ही रुसते, मग थंड होईपर्यंत हात जोड की पाय धर, बघायची नाही तुझ्याकडे. ते मला आठवलं, पण चावी फिरवून झाल्यावर. भोंगा डाव्या बाजूने निघून गेला. मी चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, फिरवतच राहिलो, आणि शेवटी नुसतं खट्ट वाजायला लागलं तेव्हा कळलं की बॅटरीही बसत आलीय. होडीवरचा रेडिओ त्याच बॅटरीवर होता. आता इंजिनच्या नादी लागलो तर बोलणंही बंद होणार होतं.

हात बाजूला घेतला आणि बसलो.

पुढे जहाजांचा रस्ता, मागे जहाजांचा रस्ता, मध्ये मी. इकडे आड तिकडे विहीर लोक सहज म्हणतात, पण आड आणि विहीर जागच्या जागी तरी असतात. इथे दोन्हीकडून डोंगर सरकत होते आणि ते दिसत नव्हते. आधी पोटात धडधड जाणवायची, मग होडीची फळी थरथरायची, मग जळक्या तेलाचा वास यायचा. मग काही नाही. बऱ्याच वेळाने लाट येऊन होडी हेलकावायची आणि शिडाचा दांडा डोक्यावरून इकडून तिकडे आपटायचा. अडकित्त्यातल्या सुपारीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. प्रवाह मला दुभाजकातूनच, त्याच्या लांबीने वाहून नेत होता. तेवढं एक बरं होतं. पण प्रवाह कधी कूस बदलेल ते सांगता येत नव्हतं.

रेडिओवर किनाऱ्याच्या नियंत्रण केंद्राला हाक मारली. तिथे एक बाई होती, आवाजावरून माझ्या मुलीच्या वयाची. तिने होडीचं नाव विचारलं. मागच्या बाजूला रंगवलेलं खरं नाव मी सांगितलं, आणि सांगताना मलाच ते परकं वाटलं. मी कुठे आहे ते तिला यंत्रावर पुसटसं दिसत होतं. डोलकाठीवर आम्ही पत्र्याचा एक चौकोनी तुकडा टांगतो, त्याच्यामुळे. ती म्हणाली, बचावनौका पाठवू का? पण ती अलीकडच्या बंदरातून येणार, म्हणजे मला ओढून अलीकडेच नेणार. म्हणजे परत घरी.

मी म्हटलं, होडीत पाणी नाही, मला इजा नाही, वाऱ्याची वाट बघतो.

"काका, वाट बघायची ती जागा नाहीये," ती म्हणाली.

ते मलाही माहीत होतं. मी तिला कारण सांगितलं नाही. भर समुद्रात, साऱ्या जहाजांच्या कानांवर, माझा दादा तिकडे पडलाय असं कसं सांगायचं? ती म्हणाली, ठीक आहे, मी तुमच्यावर नजर ठेवते, जहाजांना तुमची जागा कळवते, पण वारा आला तर निघायचं की नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तसा अधिकार मला नाही. निर्णय तुमचा.

माझा निर्णय. मी हसलो असेन. लग्न दादाने ठरवलं, नोकरी दादाने लावली, घर कुठे घ्यायचं ते वहिनीने सांगितलं. बायको होती तोवर उरलेलं ती ठरवायची. निर्णय म्हणून मी आयुष्यात घेतला तो बहुतेक चहात साखर किती हा.

भोंगा वाजवत बसलो. आमचा भोंगा तोंडाने फुंकायचा. फुंकून फुंकून ओठ बधिर झाले. गार ओल अंगरख्यातून आत शिरली. मला बायकोची आठवण झाली, जुळ्यांची झाली, आणि खरं सांगायचं तर पलीकडे जाण्याची इच्छा मरत चालली. बचावनौका बोलवावी, घरी जावं, दादाला फोनवर सांगावं. दादा काय, फोनवर बोलू शकत नव्हताच. रागावणारही नव्हता.

तेवढ्यात रेडिओत खट् असा आवाज झाला. बटण दाबून सोडल्यासारखा. मग पुन्हा. मग पुन्हा. तीन वेळा.

नियंत्रणवाली बाई लगेच करड्या आवाजात म्हणाली, कुणीतरी विनाकारण बटण दाबतंय, रेडिओचा मार्ग मोकळा ठेवा.

मी ते ठोके ओळखले. फेरीबोटीवर धुक्यात मी पुढच्या टोकाला उभा असायचो आणि दादा मागे वर, सुकाणूवर. आवाज पोचायचा नाही. डेकच्या कडेने एक लोखंडी नळी पुढेपर्यंत गेलेली होती, तिच्यावर दादा पाना आपटायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे, आहेस का? धुकं दाट असलं की तो दर थोड्या वेळाने तीन ठोके द्यायचा, आणि मीही तीन द्यायचो. काही दिसत नसलं तरी द्यायचे. आम्हा दोघांखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं. खाली बसलेल्या प्रवाशांना वाटायचं नळीत काही बिघाड आहे.

मी रेडिओचं बटण तीनदा दाबलं. आहे.

थोडा वेळ काहीच नाही. मग तिकडून पुन्हा तीन, सावकाश, एकेक ठोका उचलून ठेवल्यासारखा.

बाई आता चिडली. मग मात्र मला बोलावं लागलं. म्हटलं, "बाई, तो माझा थोरला भाऊ आहे. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात आहे. त्याची वाचा गेलीय. होडी त्याचीच."

मग ती बाई हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, मोठं जहाज बोलत असताना दाबू नका म्हणावं. बाकी वेळी मी काही ऐकलं नाही."

त्यानंतर दुपार कशी गेली ते नीट सांगता येणार नाही. जहाजं जात होती, दांडा आपटत होता, आणि अधूनमधून तीन ठोके येत होते. मी तीन देत होतो. धुकं तेवढंच दाट होतं, मी तेवढाच अडकलेला होतो, पण मी पुन्हा फेरीबोटीच्या टोकाला उभा होतो आणि मागे सुकाणूवर माणूस होता.

मग वारा आला. गालावर आधी कळला, मग शिडाची सुरकुती हलली. मागून, हवा तिकडून. एवढ्या वाऱ्यावर पलीकडची बाजू ओलांडता आली असती, पण तो किती वेळ टिकेल याचा नेम नव्हता. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, समोरून एक मालवाहू जहाज चाललंय, ते गेलं की पुढचं बरंच लांब आहे. पुढे काही बोलल्या नाहीत. बोलता येत नव्हतं त्यांना.

मालवाहू जहाज गेलं. त्याची धडधड उजवीकडून डावीकडे गेली आणि विरली. मी शीड ताणून घेतलं, सुकाणू हातात घेतलं. होडी चालू लागली. आणि रेडिओत एक ठोका पडला.

एकच. थांब.

मी थांबायला तयार नव्हतो. हा वारा गेला तर मी तिथेच राहणार होतो, आणि संध्याकाळ फार लांब नव्हती. दादाला काय कळणार तिकडे बिछान्यात, असंही मनात आलं. जन्मात पहिल्यांदा मला त्याचा राग आला. तरी हाताने ऐकलं. हाताला सवय. सुकाणू वळवलं, होडी वाऱ्यात उभी केली, शीड फडफडायला लागलं. मी त्याला ऐकू जाणार नाही अशा शिव्या त्याला घातल्या.

फार वेळ झाला नसेल. धुक्यातून एक मच्छीमार बोट निघाली, जहाज गेलं होतं त्याच वाटेने, उलट्या दिशेने, नियम धाब्यावर बसवून. रेडिओवर तिने तोंड उघडलं नव्हतं. पुढे एक माणूस जाळं आवरत पाठमोरा उभा होता. त्याने मला पाहिलं की नाही कोण जाणे. मी निघालो असतो तर नेमका तिच्यापुढे आलो असतो. ती गेली. तिच्या इंजिनला कांद्याच्या फोडणीसारखा वास होता, हे मला अजून आठवतं.

मग दोन ठोके आले. चल.

मी चाललो. काटकोनात, नाकासमोर, मागे वळून न बघता. वारा टिकला. पट्टा संपला, रस्ता संपला, आणि पलीकडच्या बाजूला धुकं एकदम फाटलं, जणू कुणी पडदा सारला. टेकडी दिसली. तिच्यावर खिडक्यांची रांग. उतरतं ऊन त्या खिडक्यांवर पडलं होतं, त्यामुळे दादाची कुठली ते ओळखू येईना. मी सगळ्यांच्या समोरून शीड उभं ठेवून गेलो.

बंदरात पुतण्याने दोर घेतले. त्यानेच मला गाडीने वर नेलं. खोलीत शिरलो तेव्हा दादाला उशा लावून खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. मी पाया पडलो. त्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मग बोट खाली बंदराकडे केलं. मी बघितलं. शीड गुंडाळताना मी घाईत टोक लोंबतं सोडलं होतं. चेहऱ्याची निम्मी बाजू त्याच्या ताब्यात होती, पण नापसंती दाखवायला तेवढी पुरली.

मी विचारलं, तुला मच्छीमार बोट येतेय हे कळलं होतं का? रेडिओवर काही ऐकलं होतंस? त्याने डावा खांदा उडवला.

वहिनी म्हणाली, "कशाचं कळतंय. तुम्ही निघतोय म्हणालात की आधी एकदा थांब म्हणायचं, ही ह्यांची जुनी खोड. मला माहेरी जाताना पण उंबऱ्यात थांबवायचे. किल्ली घेतलीस का म्हणून."

मग तिने दादाच्या अंगावरची चादर नीट केली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की शेवटचे दोन ठोके तिने दिले. तोवर दादाचा अंगठा दमला होता, बटण दाबेना. त्याने तिच्या मनगटावर दोनदा बोट आपटलं. तिने विचारलं, दोन? त्याने डोळे मिटून हो केलं. मग तिने बटण दाबलं.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "सवतीला घरात मीच घेतलं."

दादा हसला. आवाज आला नाही, खांदा हलला.

मी चार दिवस राहिलो आणि नेहमीच्या फेरीबोटीने, प्रवासी म्हणून, परत आलो. होडी तिथेच राहिली. वहिनी रोज दुपारी टेकडी उतरून जायची, होडीत साचलेलं पाणी डब्याने उपसायची आणि वर बघून हात करायची. दादा खिडकीतून बघायचा. ती उपसताना त्याला काही चुकीचं दिसलं, तर संध्याकाळी बोट दाखवून सांगायचा.

दादा त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सहा तारखेला, दुपारी, वहिनी खाली होडीत असताना गेला.